पोर्ट, स्टारबोर्ड, टॅक, जाईब... शिडाच्या होडीवरचे शब्द डोक्यात कसे बसवायचे?

टेकडीवाली
नमस्कार मंडळी. मी पुण्याची, त्यामुळे समुद्राशी संबंध म्हणजे अलिबागला जाऊन भेळ खाणे एवढाच. पण आता नोकरी मुंबईत आहे आणि ऑफिसातल्या दोघींच्या नादाने शिडाच्या होडीचा वीकेंड कोर्स लावलाय. होडी मस्त, वारा मस्त, सर पण चांगले आहेत, फक्त सर जे ओरडतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. 'शीट सोड' म्हणाले की मी शिडाकडे बघत बसते आणि शीट म्हणजे निघते दोरी! मग हॅलयार्ड पण दोरी, पेंटर पण दोरी. लीवर्ड, विंडवर्ड, हेड अप, बेअर अवे हे तर वेगळंच. सरळ उजवं-डावं म्हटलं तर काय बिघडतं हा माझा खरा प्रश्न आहे. हँडआउट दिलंय पण ते अक्षरानुसार लावलेलं आहे, घरी पाठ होतं आणि पाण्यावर गेलं की सगळं पुसतं. इथे मर्चंट नेव्हीवाले, कोकणातले, परदेशात सेलिंग करणारे बरेच आहेत म्हणून विचारते, हे कुठून धरायचं? आणि जिवाच्या दृष्टीने आधी काय यायलाच हवं?

काठावरून
वाचतोय. आमची झेप मांडव्याच्या लाँचपर्यंत, तीही वरच्या डेकवर जागा मिळाली तर.

डेकवरचा_चहा
हँडआउट आधी बाजूला ठेवा. कुठलाही शब्द आला की एकच विचारायचं, हा शब्द कशाला बांधलाय? होडीला, वाऱ्याला, पाण्याला की जमिनीला? एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पोर्ट आणि स्टारबोर्ड होडीला बांधलेत. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची बाजू पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड, मग तुम्ही उलटं बसा नाहीतर आडवं पडा, ती बाजू बदलत नाही. होडीत चौघं चार दिशांना तोंड करून बसलेले असतात, त्यात एकाने 'डावीकडे लाँच आली' म्हणून बोंब मारली तर कोण कुठे बघणार? उजवं-डावं म्हणण्याने बिघडतं ते हे.

विंडवर्ड-लीवर्ड वाऱ्याला बांधलेत. वारा येतो ती बाजू विंडवर्ड, वारा जातो ती लीवर्ड. होडी वळली की हे बदलू शकतात, पोर्ट-स्टारबोर्ड मात्र तिथेच. नवीन माणसाचा गोंधळ ९० टक्के इथे होतो कारण दोन्ही जोड्या 'ही बाजू, ती बाजू' अशाच वाटतात. हेड अप म्हणजे नाळ वाऱ्याच्या दिशेला न्या, बेअर अवे म्हणजे वाऱ्यापासून लांब न्या, यात डावं-उजवं कुठेच नाही.

मग वेग. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. पण हा वेग पाण्यातून की जमिनीवरून? तुमची होडी पाण्यातून ४ नॉटने चाललीय आणि समोरून ओहोटीचा २ नॉटचा प्रवाह आहे तर गेटवे तुमच्या जवळ येणार २ नॉटनेच. शीड फुगलेलं, पाणी सळसळतंय, आणि किनारा जागचा हलत नाही, असं होतं ते यामुळे. आणि अजून एक गंमत, वारा कुठून येतो त्यावरून ओळखला जातो आणि प्रवाह कुठे जातो त्यावरून. वेस्टर्ली वारा पश्चिमेकडून येतो, वेस्टर्ली करंट पश्चिमेकडे जातो. हे लिहून ठेवा, परीक्षेत हमखास येतं.

जमिनीला बांधलेलं म्हणजे होकायंत्राच्या दिशा. सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशावरची उत्तर वेगळी, मधल्या फरकाला व्हेरिएशन. मुंबईजवळ हा फरक एका अंशाच्या आत आहे म्हणून इथे शिकणाऱ्याला त्याचं महत्त्वच वाटत नाही. केपटाऊनला तोच पंचवीसेक अंश पश्चिमेला जातो. तारिणी ही शिडाची होडी घेऊन नौदलाच्या सहा जणी २०१७-१८ ला जग फिरून आल्या त्यांना वाटेत हा हिशोब सारखा बदलत न्यावा लागला असणार.

टेकडीवाली
हे वाचून एकदम दिवा लागला! पण मग टिलरचं काय, सर म्हणतात स्टारबोर्डला वळ आणि टिलर ढकलायचा पोर्टला?

डेकवरचा_चहा
हो, टिलर सुकाणूच्या पात्याला जोडलेला दांडा, मधे बिजागरी, त्यामुळे दांडा इकडे तर पातं तिकडे. नाळ पात्याच्या बाजूला वळते. यावरून जुन्या काळी मोठा घोळ होता. हुकूम टिलरच्या दिशेचा द्यायचे, जहाजाच्या नाही. टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर हुकूम गेला 'हार्ड अ स्टारबोर्ड' आणि जहाज वळलं पोर्टला, आणि ते बरोबरच होतं, तेव्हाची पद्धतच तशी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत बंद झाली. आता हुकूम म्हणजे जहाज ज्या बाजूला वळायचं ती बाजू. शब्द कशाला बांधलाय म्हणतो ते याच्यासाठी, हुकूम तोच, दोरी बदलली की जहाज उलटं जातं.

ऑकलंडकर
किआ ओरा मंडळी, इथे अर्ध्या गावाकडे होडी आहे त्यामुळे मलाही चिकटलं. टेकडीवाली, चहासाहेबांनी होकायंत्रापर्यंत नेलं पण तुमच्या डोक्याला धोका आहे तो बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेला असतो त्या आडव्या दांड्याचा. म्हणून जाईब हा शब्द सगळ्यात आधी.

शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा भाग बंद, तिथे गेलात की शीड फडफडतं आणि होडी थांबते. म्हणून वाऱ्याकडे जायचं तर नागमोडी. नाळ वाऱ्यातून पलीकडे नेली तर तो टॅक. यात बूम मधे फडफडत येतो आणि सावकाश दुसऱ्या बाजूला जातो, डोकं खाली घातलं की झालं. उलट वारा मागून घेऊन चाललात आणि मागची बाजू वाऱ्यातून नेली तर तो जाईब. आता वारा शिडाच्या एका बाजूला दाबून बसलेला असतो तो एकदम दुसऱ्या बाजूने पकडतो आणि बूम अख्खी होडी ओलांडून सणकन येतो. ठरवून केला तर शीट आधी आत ओढून घेतात, मग बूमला फिरायला जागाच कमी. न ठरवता झाला, वारा थोडा फिरला किंवा सुकाणूवाल्याचं लक्ष नव्हतं, तर डोकं फुटतं, माणूस पाण्यात जातो, डोलकाठीचं पण नुकसान होतं. माणसं मेलीत यात, खोटं सांगत नाही. म्हणून वारा बरोबर पाठीत असेल तर बूमच्या वाटेत उभंच राहायचं नाही आणि जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, मलूल पडून इकडे तिकडे करायला लागलं की समजायचं जाईब दारात आहे.

दोऱ्यांचं म्हणाल तर, हॅलयार्ड शीड वर चढवते, शीट शीड आत-बाहेर करते, पेंटर होडी धक्क्याला बांधते. गडबडीत 'दोरी सोड' ओरडलं आणि कोणी हॅलयार्ड सोडली तर अख्खं शीड अंगावर. गोत्यात आलात आणि काहीच सुचलं नाही तर शीट सोडा. शिडातला वारा निघून जातो, होडी सरळ होते. हा होडीचा ब्रेक समजा.

नसती_उठाठेव
आंग्र्यांच्या आरमाराला जाईब शिकवायला कोण गेलं होतं? आपल्याकडे शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, नांगर सगळं असताना इंग्रजी घोकायचं कशाला?

ऑकलंडकर
घोका मराठीत, कोण अडवतंय. पण त्या होडीवर सर एक शब्द ओरडतात तर त्या होडीवर तोच एक शब्द चालणार. एका होडीवर दोन शब्दकोश नकोत.

सुरमई_फ्राय
आमचं घर हर्णैचं, घरची बोट आहे. उठाठेव दादा, आता शीड राहिलंय कुठं, सगळं इंजिनावर. आजोबांच्या टायमाला तिरकं शीड असायचं, वर लांब आडवी काठी. ती होडी टॅकबिक करायची नाही सहसा, मागून वारा घेऊनच वळवायचे, कारण काठी डोलकाठीच्या पुढनं पलीकडे न्यायला लागायची, खलाश्यांचा घाम निघायचा. म्हणजे ऑकलंडकर ज्याला घाबरवतायत ते आमचे म्हातारे रोजचं करायचे, फक्त शीड आधी मोकळं करून.

शब्द म्हणाल तर आमच्याकडं जिवाचा शब्द एकच, बावटा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वादळी वारं येणार, बाहेर जायचं नाही. एक ते अकरा नंबर असतात, दिवसा खांबावर सुळके नि नळकांडी टांगतात, रात्री दिवे. अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. आता मोबाईलवर येतं सगळं, पण घरात अजून 'तीन नंबर लागला' असंच म्हणतात.

आणि ताई, तुम्ही मुंबईत आहात म्हणजे भरती शिका आधी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, दुपारी तीन आणि रात्री तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांना चालतं. पुनव-अवसेला बाराच्या सुमारास आणि तेव्हा उधाण, पाणी लई चढतं आणि लई उतरतं. अष्टमीच्या आगंमागं भांग, पाणी मरगळलेलं. कालनिर्णय भिंतीवर असलं की झालं.

नसती_उठाठेव
सुरमई, प्रतिसाद आवडला. पण पाऊणपट कमी पडते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते, आणि पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. पाऊण तास म्हणजे ४५. पंधरा तिथ्यांत तीन-तीन मिनिटं साचून ४५ मिनिटांचा घोळ. खरं तर तिथीगणिक दोन घटका धरा, घटका २४ मिनिटांची, दोन घटका बरोबर ४८. पंचांगवाल्यांना हे पाऊणपटीपेक्षा सोपं.

सुरमई_फ्राय
बोटीवर घटका मोजणारा तांडेल मी तरी बघितला नाही, पण हिशोब बरोबर आहे तुमचा :)

डेकवरचा_चहा
दोन्ही अंदाजाला ठीक आणि मुंबई-कोकणपुरतं. अमावस्येला भरती किती वाजता हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं, त्यामुळे दुसरीकडे जाताना हे सूत्र घेऊन जाऊ नका, टाइड टेबल बघा.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर बारा वाट्यांपैकी पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोन तासात. प्रवाहाचा जोरही तेव्हाच. नकाशावर जी खोली छापलेली असते ती अगदी खालच्या ओहोटीची, टेबलातला आकडा त्यात मिळवायचा.

आता नांगर. नांगर वजनाने धरतो असं सगळ्यांना वाटतं, तो धरतो आडव्या ओढीने. साखळी-दोर लांब सोडला तर ओढ तळाला समांतर येते आणि नांगर रुततो, आखूड सोडला तर ओढ वर येते आणि नांगर उपटतो. म्हणून खोलीच्या पाचपट तरी सोडा, वारा असेल तर सातपट. आणि खोली भरतीची धरायची! उधाणाच्या ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकलात, नाळ पाण्यापासून एक मीटर वर, चार झाले, पाचपट म्हणजे २० मीटर दोर सोडून जेवायला बसलात. मुंबईत पाणी साडेचार मीटर चढलं की तेच अंतर साडेआठ मीटर होतं आणि तुमचा पाचपट दोर सव्वादोनपटीवर येतो. तुम्ही काहीच केलं नाही आणि होडी घसरायला लागली. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरून ठेवायच्या, मंदिराचा कळस आणि मागचा टॉवर असं काही, रेषा मोडली म्हणजे घसरतोय. मोठ्यांचंही वेगळं नाही. तौक्ते वादळात मे २०२१ ला बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज नांगर तुटून भरकटलं आणि बुडालं, आयएनएस कोची आणि बाकीच्या जहाजांनी उसळत्या समुद्रातून माणसं काढली, तरी सत्तरच्या वर गेली.

टेकडीवाली
बापरे. नांगर म्हणजे हँडब्रेक असं समजून चालले होते मी. अजून एक विचारू का, शिडाच्या होडीला कायम पहिला हक्क असतो ना? आमच्या बॅचमधला एकजण लाँचवाल्यांवर फार चिडतो.

डेकवरचा_चहा
त्याला सांगा चिडून घे आणि बाजूला हो. इंजिनवाल्याने शीडवाल्याला वाट द्यायची हे समुद्रावर टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे, पण पुढे बरंच आहे. मासेमारी करत असलेल्या बोटीला शीडवाल्यानेच वाट द्यायची. अरुंद चॅनलमधे मोठं जहाज आलं तर त्याच्या आड यायचं नाही, ते चॅनल सोडून कुठे जाणार, तळाला लागेल. आणि ते पटकन थांबतही नाही. दोन शीडवाले समोरासमोर आले तर ज्याला वारा पोर्ट बाजूने येतो त्याने हटायचं. दोघांना एकाच बाजूने येत असेल तर विंडवर्डवाल्याने. (बघा, परत कशाला बांधलंय ते.)

टक्कर होणार की नाही हे ओळखायची युक्ती, समोरचं जहाज तुमच्या होडीवरच्या एखाद्या तारेच्या रेषेत धरा, होडीची दिशा बदलू नका. थोड्या वेळाने ते पुढे किंवा मागे सरकलं तर ठीक. तिथेच आहे आणि मोठं होतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. रात्री पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा दिवा असतो. इंजिनवर चालताना उजवीकडून येणाऱ्याचा लाल दिसला तर तुम्ही हटायचं. लाल-हिरवा दोन्ही दिसले तर तो थेट तुमच्यावर येतोय. आणि कोणी पाच आखूड भोंगे वाजवले तर अर्थ असा की तुझं काय चाललंय मला कळत नाही.

सुरमई_फ्राय
नियम छान आहेत चहासाहेब, पण जहाजं आमची जाळी कापून जातात त्याचं काय? रात्री जाळं टाकून पडलेल्या बोटीवर कोणी बघतं का जहाजाच्या ब्रिजवरनं, जिथनं जहाज चालवतात तिथनं?

डेकवरचा_चहा
बघतात हो, पण तुमच्या बोटीवर रंगीबेरंगी एलईडीची लग्नाची रोषणाई असते, त्यात लाल-हिरवा कुठला ते मलाही कळत नाही. ट्रॉलिंग, म्हणजे जाळं ओढत मासेमारी, चालू असेल तर हिरव्याखाली पांढरा, दुसरी जाळी असेल तर लालाखाली पांढरा, एवढे दोन स्वच्छ दिसले तरी आम्ही लांबूनच वळू. बाकी जाळ्याचं टोक किती लांब आहे हे कोणी रेडिओवर सांगत नाही.

सुरमई_फ्राय
रोषणाईचं मान्य. रेडिओवर सांगितलं तरी पलीकडून फिलिपिनो नाहीतर रशियन बोलतो, आमच्या तांडेलला काय कळणार. हे भांडण इथं मिटायचं नाही.

ऑकलंडकर
भांडण चालू द्या, मी माणूस पाण्यात पडल्यावरचं लिहितो, ताईंनी जिवाचं विचारलंय. ज्याने पडताना बघितलं त्याने 'मॅन ओव्हरबोर्ड' आणि बाजू ओरडायची आणि त्याच्याकडे बोट रोखून ठेवायचं (हाताचं बोट, आपली बोट नव्हे), दुसरं काहीही काम करायचं नाही, नजर हटवायची नाही. ५ नॉटने होडी मिनिटाला दीडशे मीटर जाते आणि लाटांत डोकं तेवढ्यावर दिसेनासं होतं. दुसऱ्याने लाईफबॉय (तरंगतं कडं) फेकायचा, जीपीएसवर एमओबीचं बटण दाबायचं. परत येताना शेवटचा तुकडा वारा तिरका पुढून घेऊन, म्हणजे शीट सोडली की थांबते, ओढली की चालते. इंजिन लावायच्या आधी पाण्यात कुठली दोरी लोंबत नाही ना बघा, पंख्यात अडकली की संपलं, आणि माणूस जवळ आला की गिअर न्यूट्रल. त्याला वर घेणं सगळ्यात अवघड, भिजलेला माणूस जड असतो, त्याचा सराव शांत पाण्यात करून ठेवा.

रेडिओवर व्हीएचएफ चॅनल १६. जीव धोक्यात असेल तर मेडे तीनदा, होडीचं नाव तीनदा, मग आधी जागा, मग काय झालंय आणि किती माणसं. जागा आधी अशासाठी की बॅटरी गेली तरी निदान कुठे यायचं ते कळलेलं असेल. इंजिन बंद पडलं पण बुडत नाही आहात तर मेडे नाही, पॅन-पॅन.

डेकवरचा_चहा
भर घालतो. किनाऱ्याजवळ मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४. मच्छीमार बोटींसाठी इस्रोचं डीएटी यंत्र आहे, बटण दाबलं की उपग्रहावरून कोस्ट गार्डला जागा कळते. आणि लांबच्या समुद्रात ईपर्ब, म्हणजे उपग्रहावरून संकटाची खूण पाठवणारा बीकन. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोबमधे होते, ही एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणेची शर्यत, त्यात जीपीएस न वापरता सेक्स्टंटवर (सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं यंत्र) जायचं. होडी थुरिया, गोव्यात बांधलेली. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला इतकं लागलं की उभं राहता येईना, आणि जागा पर्थपासून सुमारे १९०० नॉटिकल मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. शोधाला विमानं गेली ती बीकनच्या खुणेवर, आणि ओसिरिस नावाच्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढच्या शर्यतीत हाच माणूस दुसरा आला, म्हणजे काय बोलणार.

काठावरून
थरारक. माझा साधा प्रश्न, लाँचवर केशरी जॅकेट देतात ते चालतं का? २०२४ च्या डिसेंबरात मुंबईत नीलकमल लाँच बुडाली तेव्हापासून घरचे विचारतात.

ऑकलंडकर
आतल्या लेबलवर न्यूटन बघा. ५० वाल्यात शुद्धीवरचा, पोहता येणारा माणूस तरंगतो. बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायला १५० वालं लागतं. आणि कुठलंही असलं तरी पट्टे आवळा, मांडीतला पट्टा असेल तर तो पण, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर जातं आणि माणूस खाली. लहान मुलाला मोठ्याचं घालू नका, त्यातून ते सुळकन निसटतं.

टेकडीवाली
सगळ्यांचे खूप आभार, रविवारी पौर्णिमा आहे म्हणजे बाराच्या सुमारास भरती, बरोबर ना सुरमई? बॅच नऊची आहे.

सुरमई_फ्राय
बरोबर. उधाण आहे, धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या असतील, जपून चढा.

डेकवरचा_चहा
नऊ म्हणजे मधले जोराचे तास, प्रवाह सगळा आत येणार. बाहेर पडायला वेळ लागेल, सरांना सांगून आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर तोच परत आणेल. आणि सकाळचा मतलई वारा मधेच पडतो, खारा वारा सुरू व्हायला दुपार होते, तेवढा वेळ शीड लोंबत बसायची तयारी ठेवा, टोपी आणि पाणी न्या.